झेंडूची माळ नको, गार्ड लावा

खंडेनवमीला भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही शेडमध्ये डोकावा. एरवी तेलाने काळवंडलेली जमीन त्या दिवशी धुतलेली असते. पॉवर प्रेस फडक्याने पुसून लख्ख केलेली असते, फ्लायव्हीलवर हळदी-कुंकवाची बोटे उमटलेली असतात आणि वर झेंडूची माळ झुलत असते. मालक नारळ फोडतात, पेढे वाटतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका लहान कारखान्यात मी पूजेला गेलो होतो. प्रसादासाठी पुढे आलेल्या एका तरुणाने डावा हात पुढे केला. “अरे, उजवा कर,” असे कोणीतरी म्हणाले आणि लगेच गप्प झाले. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, एवढेच उरले होते. मी मालकांकडे पाहिले. माणूस काही वाईट नव्हता. त्या मुलाला त्यांनी काढून टाकले नव्हते, पॅकिंगला बसवले होते. हळू आवाजात ते मला म्हणाले, “लक्ष नव्हतं त्याचं.”

नागरिकहो, या तीन शब्दांत आपण आजवर किती बोटे, किती हात आणि किती जीव उरकून टाकले आहेत? पंचनाम्यात हेच, मालकाच्या तोंडी हेच, सुपरवायझरच्या तोंडी हेच. आणि दुःख याचे, की पुष्कळदा जखमी कामगाराच्या आईच्याही तोंडी हेच. हे तीन शब्द खोटे आहेत. ते का खोटे आहेत आणि त्यांच्या आड कोण कोण लपले आहे, हे क्रमाने मांडतो.

१. आधी यंत्र पाहू. प्रेसमध्ये खाली डाय असते, वर पंच. कामगार पत्र्याचा तुकडा हाताने डायवर ठेवतो, पायाने पेडल दाबतो, पंच धरणारा रॅम खाली येऊन पत्र्याला आकार देतो आणि वर जातो. तयार पीस काढायचा, पुढचा तुकडा ठेवायचा. मिनिटाला दहा पीस धरले तरी तासाला ६००, आठ तासांत ४,८०० आणि बारा तासांच्या पाळीत ७,२०० वेळा त्याचा हात त्या जबड्यात जातो आणि बाहेर येतो. जपमाळेचे एकशे आठ मणी ओढतानाही ज्यांचे मन भरकटते, त्या आपण कामगाराकडून ७,२०० वेळा अचूक लक्ष मागायचे? शिवाय जुन्या की-क्लचच्या प्रेसमध्ये रॅम एकदा सुटला की अर्ध्यावर थांबवता येत नाही, फेरी पूर्ण करूनच तो थांबतो. क्लचची स्प्रिंग थकली किंवा पिन झिजली, की पेडलवर पाय नसतानाही तो दुसऱ्यांदा खाली येऊ शकतो. त्या क्षणी हात आत असतो, कारण पीस काढण्यासाठी तो आतच असायला हवा. त्यासाठीच तर त्याला पगार मिळतो. मग लक्ष कोणाचे चुकले, पीस काढणाऱ्याचे की स्प्रिंग न बदलणाऱ्याचे? माणूस कधी ना कधी चुकणार हे धरूनच यंत्र बसवायचे असते. तसे न बसवणारा मालकच खरा बेसावध.

२. यावर उपाय सापडायचा आहे, असेही नाही. डायसमोर जाळीचा गार्ड असा बसवता येतो, की तो उघडा असेल तर प्रेस चालणारच नाही. पेडलऐवजी दोन बटणे देता येतात. ती इतक्या अंतरावर असतात, की दोन्ही हात गुंतल्याशिवाय रॅम हलत नाही. सेन्सरचा पडदा लावता येतो. प्रकाशाच्या त्या रेषांमध्ये बोट आले, की घर्षण क्लचची प्रेस जागच्या जागी थांबते. यातले काहीच परवडत नसेल, तर निदान लांब चिमटा किंवा चुंबकाची पकड देता येते, म्हणजे हात आत घालण्याची वेळच येत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने २१व्या कलमात यंत्राचे धोकादायक भाग भक्कम आच्छादनाने बंदिस्त ठेवायला सांगितले होते. सुरक्षिततेचा साधा क्रमही जगभर ठरलेला आहे: आधी धोकाच काढून टाका, तो निघत नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये आडकाठी उभी करा, मग नियम आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-हातमोजे. आपल्याकडे हा क्रम शेवटापासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. रॅमखाली सापडलेल्या हाताला हातमोजा काय वाचवणार? ड्रिलवर तर तोच हातमोजा फिरत्या बिटमध्ये अडकून हात ओढून नेतो. हातमोजे वाटून फोटो काढणे ही सुरक्षितता नव्हे, ती स्वस्तातली पळवाट आहे.

३. यावर ठरलेले उत्तर येते: “गार्ड आम्ही दिले होते, पोरंच काढून ठेवतात.” हे अनेकदा खरेही असते. दोन बटणांपैकी एकाच्या फटीत नाणे खुपसलेले किंवा ते रबराने करकचून बांधलेले मी स्वतः पाहिले आहे. एक बटण कायमचे दाबलेले असले, की एक हात मोकळा होतो आणि तो मोकळा हात डायमध्ये जातो. पण कामगाराला असे का करावेसे वाटते, हे विचारायला आपण थांबतो का? पाळीच्या सुरुवातीला फळ्यावर खडूने आकडा लिहिलेला असतो. तो आकडा दोन्ही बटणे वापरून गाठता येत नाही, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते. पीसवर पैसे असतील तर कमी पीस म्हणजे कमी पैसे. पगार ठरलेला असेल तर कमी पीस म्हणजे उद्यापासून गेटवर नाव नाही. आठ तासांवर आणखी चार तास थांबायचे, त्याचे दुप्पट दराने पैसे मिळतीलच याची खात्री नाही, आणि रात्री अडीचला डोळ्यांवर झोप असताना पीस मोजून द्यायचे. ते नाणे सुपरवायझरला दिसत नाही काय? दिसते. पण आकडा भरत असतो, म्हणून तो पाहिले न पाहिले करतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या: चांगल्या बनावटीच्या नियंत्रणात प्रत्येक ठोक्याआधी दोन्ही बटणे सोडावी लागतात, तिथे नाणे चालतच नाही. ते चालते, कारण स्वस्तातले नियंत्रण विकत घेतले होते. नाणे कामगाराचे असले, तरी ते खुपसायला लावणारा आकडा फळ्यावर आधीच लिहिलेला असतो.

४. आता प्रेससमोर उभा कोण असतो, तेही पाहा. रजिस्टरमध्ये तो ‘हेल्पर’ असतो. मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावातून आलेला, नाहीतर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून. ठेकेदाराने सोमवारी त्याला गेटवर आणले आणि मंगळवारी तो प्रेसवर उभा राहिला. प्रशिक्षण काय मिळाले? शेजारच्याने दहा मिनिटे दाखवले, तेवढेच. भिंतीवर सूचनाफलक आहे, पण तो इंग्रजीत. ज्याचा हात धोक्यात आहे, त्याला न वाचता येणारी सूचना कोणासाठी टांगली आहे? तपासणीला येणाऱ्या साहेबासाठी. अपघात झाला की पहिला प्रश्न ‘कसा आहे?’ असा येत नाही, ‘कोणाचा आहे?’ असा येतो. कंपनी म्हणते ठेकेदाराचा. ठेकेदार म्हणतो, मी फक्त माणसे पुरवतो. दोघांच्या मध्ये तो पोरगा हाताला फडके गुंडाळून रिक्षाची वाट पाहत उभा असतो. कायद्याच्या लेखी यात काहीच संदिग्ध नाही. ठेकेदाराचा माणूसही कामगारच धरला जातो आणि नुकसानभरपाईची जबाबदारी मूळ मालकापर्यंत पोहोचते. शेडच्या आत जो जो राबतो, तो तो शेडच्या मालकाचा. ठेकेदाराची पावती दाखवून रक्ताची जबाबदारी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

५. बोटाची किंमत ठरलेली आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असते? १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आलेला एक तक्ता आहे. पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्क्यांनी घटली असे धरतात. मधले बोट १२ टक्के, अनामिका किंवा करंगळी ७ टक्के, अंगठा ३० टक्के. तक्ता हवाच, त्याशिवाय भरपाई मोजायची कशी? पण तक्त्याबाहेर काय उरते, तेही पाहा. तीन बोटे गेलेल्या माणसाला पुढच्या कारखान्याच्या गेटवर कोणी ७० टक्के कामगार म्हणून घेत नाही. हात पाहिला, की त्याला परत पाठवतात. शर्टाचे बटण लावायला त्याला बायकोला हाक मारावी लागते. रेशन दुकानातल्या मशीनवर कुठले बोट टेकवायचे, हा प्रश्न दर महिन्याला उभा राहतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. कामावर इजा झाली तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. उपचार, बरे होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के भत्ता आणि कायमचे अपंगत्व आले तर पेन्शनही आहे. पण नोंदणीच झालेली नसेल तर? मग अपघाताच्या संध्याकाळी घाईघाईने कार्ड निघते. बोट दुपारी तुटलेले असते आणि कामगार म्हणून त्याचा जन्म संध्याकाळी झालेला असतो. महिन्याचे चार टक्के वाचवण्यासाठी ज्यांनी माणसाला कागदावर येऊच दिले नाही, त्यांनी त्याचा हात तुटण्याआधीच त्याचा हक्क तोडलेला असतो.

६. गेटच्या आत शिरले, की बहुतेक कारखान्यांत एक हिरवा बोर्ड दिसतो: ‘अपघाताविना दिवस’. त्याखालचा आकडा रोज वाढतो आणि वाढतच राहतो. इजा होऊन कामगार ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर ती घटना यंत्रणेला कळवणे मालकावर बंधनकारक आहे. मग बोटे जातात, तरी बोर्ड शून्यावर का येत नाही? कारण जखमीला ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेतात. तिथे ‘घरी पाय घसरून पडला’ किंवा ‘गाडीच्या चेनमध्ये बोट गेलं’ असे लिहून घेतात. दुसऱ्याच दिवशी पट्टी बांधलेल्या हाताने त्याला कामावर बोलावतात आणि नुसते बसवून ठेवतात, म्हणजे हजेरी लागते आणि ४८ तासांचा प्रश्न मिटतो. हरयाणातल्या गुरुग्राम-मानेसर पट्ट्यात जखमी कामगारांना मदत करणारी ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल काढते. त्यातही हेच चित्र आहे: वाहनांचे सुटे भाग, पॉवर प्रेस, तुटलेली बोटे, परगावचे कंत्राटी मजूर आणि अपघातानंतर हाती पडलेले विमा कार्ड. सरकारी नोंदीत न सापडणारे जखमी एका संस्थेच्या दारात रांगेने येतात, याचा अर्थ काय? ज्याची नोंद नाही त्याची चौकशी होत नाही, आणि ज्याची चौकशी नाही ते पुन्हा घडते. तो हिरवा बोर्ड सुरक्षिततेचा पुरावा म्हणून कोणी दाखवला, तर आधी दवाखान्याची वही मागा.

७. बोटापासून स्फोटापर्यंत फार अंतर नसते. २६ मे २०१६ रोजी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ रोजी त्याच एमआयडीसीत पुन्हा स्फोट झाला, पुन्हा काचा, पुन्हा ओळख न पटणारे मृतदेह. आठ वर्षांना तीन दिवस कमी. या काळात आपण काय शिकलो? ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातल्या उरवडे गावच्या कारखान्यात आग लागली. मृतांमध्ये बहुतेक महिला होत्या आणि आतल्या माणसांपर्यंत पोहोचण्यासाठी जेसीबीने भिंत फोडावी लागली. जी वाट आगीनंतर जेसीबीने काढली, ती आधीपासून दरवाजा म्हणून तिथे का नव्हती? ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाज्यांसारख्या मेणबत्त्या बनवताना आग लागली, तिथेही जीव गेले ते मुख्यतः बायकांचे. त्याच वर्षी १ ऑगस्टला शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाच्या कामावर गर्डर उचलणारे यंत्र कोसळले आणि २० जणांचा मृत्यू झाला. प्रत्येक वेळी क्रम तोच: मदतीची घोषणा, चौकशी समिती, ‘कोणालाही पाठीशी घालणार नाही’, आणि मग पुढची बातमी. मोठे अपघात एकाएकी होत नाहीत. बंद असलेले सेन्सर, कुलूप घातलेले दरवाजे आणि न लिहिलेल्या लहान जखमा मिळून त्यांची तयारी कितीतरी दिवस आधी करत असतात. प्रेसवर गेलेले बोट ही त्या स्फोटाचीच आगाऊ सूचना असते आणि आपण ती दवाखान्याच्या खोट्या कागदात गुंडाळून ठेवतो.

८. मग कायदा काय करतो? व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात चांगले आहे ते मान्य करू. प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्यायचे आहे. कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. कर्तव्य चुकवल्यामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि दंडाची निदान निम्मी रक्कम पीडिताला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. पण याच संहितेने विजेवर चालणाऱ्या ‘कारखान्या’ची व्याख्या १० कामगारांवरून २० वर नेली. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती साध्या कारखान्याला ५०० कामगारांनंतर आहे आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० नंतर. आता सांगा, भोसरीच्या गल्लीतल्या चार प्रेस आणि पंधरा माणसांच्या शेडमध्ये कारखान्यांसाठीचे खास नियम आणि सुरक्षा अधिकारी कसे पोहोचणार? बोटे तर तिथेच जातात. ‘इन्स्पेक्टर राज’ नको, हे उद्योजकांचे गाऱ्हाणे अगदीच निराधार नाही. पाकीट घेऊन जाणारा निरीक्षक कोणालाच नको आहे. पण भ्रष्ट निरीक्षकावर उपाय म्हणजे निरीक्षणच नको, हे कुठले तर्कशास्त्र? वाईट डॉक्टर भेटला म्हणून आपण दवाखाने बंद करतो का? औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला पुरेशी माणसे द्यायची नाहीत आणि मालकाच्या स्वयंप्रमाणपत्रावर समाधान मानायचे, म्हणजे विद्यार्थ्याला स्वतःचाच पेपर तपासायला देणे होय. अशा परीक्षेत नापास कोण होणार? फक्त ज्याचा हात गेला तो.

९. या साखळीच्या वरच्या टोकाला बसलेल्यांना आपण प्रश्न विचारतच नाही. लहान शेडमधली प्रेस कोणासाठी चालते? मोठ्या वाहन कंपनीला माल देणाऱ्या पुरवठादारासाठी, त्याच्या पुरवठादारासाठी आणि त्याच्याही खालच्या पुरवठादारासाठी. कंपनीचे लोक तपासणीला येतात तेव्हा मायक्रोमीटरने भोकाचा व्यास मोजतात. दशलक्ष नगांमागे सदोष नग किती, याचा हिशेब मागतात. जपानकडून आपण ‘पोका-योके’ शिकलो. फिक्स्चरवर एक छोटी खुंटी अशी बसवायची, की पीस उलटा ठेवायचा म्हटले तरी ठेवता येऊ नये. ‘कामगाराने लक्ष द्यावे’ असे तिथे कोणी म्हणत नाही. तिथे सगळ्यांना मान्य असते, की माणूस चुकतो, म्हणून चूक होऊच नये अशी रचना करा. त्याच प्रेसवर, त्याच डायवर, पत्र्याच्या तुकड्यासाठी लावलेली ही अक्कल हाताला का लावत नाहीत? कारण सदोष नग परत येतो आणि त्याचे पैसे कापले जातात. तुटलेले बोट परत येत नाही. दर वर्षी ‘कॉस्ट डाऊन’ म्हणून पुरवठादाराचा दर कापायचा आणि वर त्याच्याकडून सुरक्षित यंत्राची अपेक्षा करायची, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. आणि आपण? दसऱ्याला नवी गाडी दारात उभी करून तिलाही झेंडूची माळ घालणारे आपण या साखळीचे शेवटचे टोक आहोत. उलटा पीस ठेवता येऊ नये म्हणून खुंटी बसवणाऱ्या उद्योगाने हात वाचवायला जमत नाही असे म्हणू नये, आणि गाडी घेणाऱ्या आपणही ते ऐकून घेऊ नये.

१०. हा प्रश्न नवा आहे, अशीही सबब चालणार नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यात आठवड्याची सुट्टी मागितली होती. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. सुट्टीची मागणी १८९० साली मान्य झाली आणि आज घराघरात रविवारची उशिराची झोप आपण उपभोगतो. त्याच अर्जातली दुसरी मागणी कायद्यात आली, योजनेत आली, तक्त्यात आली; पण शेडच्या दारात येऊन थबकली. लोखंडे यांच्या अर्जातला रविवार आपण घेतला आणि जखमी माणूस तिथेच सोडून आलो.

११. मग करायचे काय? मालकांनी प्रत्येक प्रेसचा क्लच, स्प्रिंग, ब्रेक आणि बटणे तपासल्याची नोंद पाळीगणिक ठेवावी आणि ती नोंद प्रेसवरच टांगावी, केबिनमध्ये नको. कामाचा आकडा दोन्ही बटणे वापरून, घड्याळ लावून ठरवावा. त्याहून मोठा आकडा फळ्यावर लिहूच नये. सूचना मराठीत आणि हिंदीत लिहाव्यात, शक्यतो चित्रांतून दाखवाव्यात. वाहन कंपन्यांनी पुरवठादाराच्या तपासणीत मालाच्या दोषांच्या शेजारी जखमी हातांची संख्या लिहून घ्यावी. अपघात लपवणाऱ्याचे काम काढावे. कळवणाऱ्याचे मात्र काढू नये, नाहीतर लपवणे आणखी वाढेल. सरकारने लहान शेड कायद्याच्या कक्षेतून सुटू देऊ नयेत आणि जुन्या की-क्लचच्या प्रेसवर गार्ड बसवायला लहान उद्योजकाला स्वस्त कर्ज द्यावे. कामगार संघटनांनी वेतन कराराच्या फेऱ्यांत कंत्राटी पोरांच्या हातांचा मुद्दा पहिल्या पानावर घ्यावा. कायम कामगाराला बोनस आणि हेल्परला पट्टी, ही वाटणी कामगार एकजुटीत शोभत नाही. प्रथमोपचाराच्या पेटीत हळदीची पुडी पुरत नाही. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालायचा आणि ती पिशवी बर्फात ठेवायची, बोट थेट बर्फावर ठेवायचे नाही, एवढे तरी शेडमधल्या प्रत्येकाला माहीत असावे. आणि नागरिक म्हणून आपण? शेजारच्या पोराच्या हाताला पट्टी दिसली तर ‘काय झालं रे?’ एवढ्यावर थांबू नका. विमा कार्ड आहे का, अपघाताची नोंद झाली का, हेही विचारा. ज्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, तिथे लपवाछपवी फार काळ टिकत नाही.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली त्याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या दिवशी कारखान्यांत शपथा होतात, छातीवर बिल्ले लागतात, चित्रकलेच्या स्पर्धा होतात. हे सगळे खुशाल होऊ द्या. पण मला भरवसा शपथेपेक्षा खंडेनवमीचा वाटतो, कारण त्या दिवशी मालक आणि कामगार दोघेही यंत्रासमोर मनापासून उभे असतात. म्हणून पुढच्या खंडेनवमीसाठी एकच सुचवतो. प्रेस पुसून झाली, हळद-कुंकू तयार आहे, नारळ हातात आहे, एवढ्यात थांबा. सगळ्यांना चार हात मागे उभे करा, डाय रिकामी ठेवा, प्रेस सुरू करा आणि मालकांनी स्वतःच्या एका हाताने एकच बटण दाबून पाहावे. रॅम जागचा हलला नाही, तर नारळ फोडा. खाली आला, तर त्या दिवशी पूजा नको, मिस्त्रीला बोलवा.